राईतल्या जुन्या आंब्याला दरवर्षी खोडकिडा लागतो: झाडाचं वय कसं काढायचं आणि कीड परत का येते

दसऱ्याच्या सुमाराला राईत गेलं की थोरल्या आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसायचा. मग कोणीतरी सायकलच्या स्पोकचा आकडा करून किडा ओढून काढायचं, भोकात औषधाचा बोळा कोंबायचं आणि वरून चिखलाने लिंपायचं. वर्षभर सगळं शांत. पुढच्या दसऱ्याला पुन्हा भुसा, त्याच खोडावर, आधीच्या भोकापासून हातभर बाजूला. आमच्या गावात हे सहा वर्षं चाललं. सातव्या वर्षी गावकीच्या बैठकीत एक वाक्य आलं, ते मला अजून टोचतं: "झाड म्हातारं झालंय, आज ना उद्या पडणारच. देवळावर पडण्याआधी आपणच उतरवू."

हे वाक्य ज्यांनी आपापल्या गावात ऐकलं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. झाड म्हातारपणाने खंगतंय की आपण केलेल्या कशाने तरी, हे ठरवल्याशिवाय किडीवरचा कुठलाच उपाय टिकत नाही. म्हणून आम्ही आधी वयाच्या मागे लागलो आणि किडीकडे नंतर वळलो.

वयाचा घोळ

गावात विचाराल तर आकडे पाचशेपासून हजारापर्यंत मिळतात. पांडवांच्या वेळचं झाड आहे असंही ऐकायला मिळतं. त्या बोलण्यातली माया खरी आहे, मी ती खोडून काढत नाही. पण बैठकीत उभं राहून झाडाची बाजू मांडायची तर काहीतरी आधार हातात हवा.

पहिलं सांगतो ते वलयांबद्दल. शाळेत शिकवतात की खोडातली वलयं मोजली की वय कळतं. सागाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, वाढ थांबते, पावसाबरोबर पुन्हा सुरू होते, आणि नव्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची स्पष्ट रेघ लाकडात उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या अशाच वलयांवरून जुन्या पावसाचा माग काढला. केरळातल्या सागांवरून त्यांनी पाचशे वर्षांहून लांब नोंद तयार केली आहे. सागातही पावसाने मध्येच मोठी दडी मारली तर एकाच वर्षात दोन वलयं पडू शकतात. म्हणून जाणकार माणूस एका झाडावर विसंबत नाही, अनेक झाडांची वलयं एकमेकांशी जुळवून बघतो.

आंबा, वड, पिंपळ, फणस, बकुळ यांचं तसं नाही. ही झाडं आपल्या हवेत वर्षभर कमीअधिक हिरवी राहतात. आंबा तर एका फांदीला पालवी आणि दुसरीला मोहोर असा वागतो. त्याच्या लाकडात रेघा दिसतात, पण एक रेघ म्हणजे एक वर्ष असं धरता येत नाही. वडाचं आणखी अवघड, कारण पारंब्यांची खोडं होतात आणि मूळ खोड नाहीसंही होतं. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या महावटवृक्षाचं तेच झालं. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो जायबंदी झाला, मग खोडात बुरशी शिरली आणि शेवटी १९२५ साली मुख्य खोड काढून टाकावं लागलं. अडीचशेच्या वर वय असलेलं ते झाड आज केवळ पारंब्यांवर उभं आहे. त्याची वलयं कुठे मोजणार?

तेव्हा कळकळीची विनंती: वय काढण्यासाठी जुन्या झाडाला भोक पाडू देऊ नका. खोडातून पेन्सिलीएवढी जाड लाकडाची कांडी काढायचं एक पोकळ गिरमिट असतं. संशोधक ते विचारपूर्वक, योग्य जातीच्या झाडांवर वापरतात. आमच्या आंब्याला मात्र देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी कोणा उत्साही माणसाने साध्या ड्रिल मशीनने चार ठिकाणी भोकं पाडली. वय कळलं नाहीच, कारण आतलं लाकूड आधीच पोकळ होतं. त्या चारपैकी दोन भोकांतून पुढे काळं पाणी झिरपत राहिलं, आणि किड्याची पहिली भोकं त्या ओल्या पट्ट्याच्या कडेलाच सापडली.

मग करायचं काय? घेर मोजायचा. जमिनीपासून १.३७ मीटर म्हणजे साडेचार फूट उंचीवर, साधारण छातीशी, शिंप्याची टेप आडवी गुंडाळायची. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाच्या जमिनीपासून उंची धरायची. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या खाली-वर सरकून मोजायचं आणि किती सरकलो ते लिहून ठेवायचं. सावरीसारख्या झाडांना बुंध्याशी फळीसारखी आधारमुळं असतात, तिथे ती संपल्यावर मोजायचं. मोजलेल्या जागी गेरूची बारीक खूण करा. खिळा नको. पुढच्या खेपेला टेप चार बोटं वर गेली तरी सगळं गणित बिघडतं.

आमच्या आंब्याचा घेर २०१६ मध्ये ४५३ सेंटिमीटर होता, २०२४ मध्ये ४६१. आठ वर्षांत ८, म्हणजे वर्षाला १ सेंटिमीटर. सरळ भागाकार केला तर ४६१ वर्षं येतात, आणि इथेच बहुतेकजण फसतात. झाड तरुणपणी भराभर जाड होतं आणि पुढे मंदावतं. आजचा वेग सगळ्या आयुष्याला लावला की वय फुगतं.

म्हणून आम्ही लागवडीचं वर्ष ठाऊक असलेला दुसरा रायवळ आंबा शोधला. शाळेची इमारत झाली तेव्हा, १९७४ साली, अंगणात लावलेला. ५० वर्षांत त्याचा घेर २०५ सेंटिमीटर झाला होता, म्हणजे वर्षाला चारच्या आसपास. आता थोरल्या आंब्याचं गणित असं: पहिल्या ५० वर्षांत २०५, उरले २५६. पुढच्या काळात वेग चारावरून एकावर उतरत आला, म्हणून सरासरी अडीच धरली तर आणखी १०२ वर्षं. एकूण दीडशेच्या आसपास.

पण शाळेचा आंबा उघड्यावर, भरपूर उन्हात वाढला. राईतलं झाड सावलीत, शेजाऱ्यांशी झगडत वर आलं. त्याची सुरुवातीची वाढ अडीच सेंटिमीटर धरली तर ५० वर्षांत १२५, उरलेल्या ३३६ ला सरासरी पावणेदोनचा वेग, म्हणजे १९२ वर्षं, एकूण २४२. तर वय दीडशे ते अडीचशेच्या मध्ये. एवढा पट्टा बघून नाराज होऊ नका. यापेक्षा नेमका आकडा कोणी ठामपणे सांगितला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

पट्टा आवळायला कागद कामी येतात. सातबाऱ्याच्या शेऱ्यात कधी झाडांची नोंद सापडते. जुन्या वाटणीपत्रांत आणि हद्दीच्या भांडणांच्या कागदांत झाडं खुणेसाठी लिहिलेली असतात. देवळासमोर काढलेल्या फोटोत मागे खोड दिसतं, त्याची जाडी शेजारी उभ्या माणसाशी ताडून बघता येते. आमच्याकडे एका घरात १८९१ सालचा मोडीतला कागद निघाला, त्यात राईची पूर्व हद्द "ओहोळाकाठचा थोरला आंबा" अशी दिली आहे. आंबा आजही ओहोळाकाठीच आहे. तेव्हाच ज्याला थोरला म्हणत होते तो त्या वेळी चाळीस-पन्नास वर्षांचा तरी असणार. म्हणजे आज १७५ च्या खाली नाही. वहीत आम्ही "१७५ ते २४०" असं लिहिलं.

इंटरनेटवर झाडाचं वय काढायची कोष्टकं मिळतात: व्यास अमुक आकड्याने गुणा, की झालं वय. ते आकडे बहुतेक अमेरिकेतल्या ओक आणि मेपलसारख्या झाडांवरून काढलेले आहेत. आपल्या किंजळ-ऐनाला, बेहड्याला, आंब्याला ते लावू नका. जाडीवरूनही फसू नका. गोरखचिंच चारसहा माणसांच्या कवेत मावत नाही, पण तिचं लाकूड मऊ, पाणी धरणारं असतं आणि घेर झपाट्याने वाढतो. आफ्रिकेतल्या गोरखचिंचांचं वय म्हणूनच लाकडाच्या कार्बन चाचणीने काढावं लागलं.

वयाला कायद्यातही वजन आहे. शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून मान मिळाला. असं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाएवढी नवी झाडं लावायची अशी तरतूद आली. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, साग ही झाडं आहेत, आणि ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बैठकीत हे दोन मुद्दे शांतपणे सांगितले तरी कुऱ्हाड थोडी लांबते.

दोनशे वर्षांचा रायवळ आंबा म्हणजे मरायला टेकलेलं झाड नव्हे. त्याच्या शेंड्याला चांगली पालवी फुटत होती, चार वर्षांपूर्वीपर्यंत आंबे उतरत होते. म्हणजे दुखणं वयाचं नव्हतं. मग कशाचं?

आधी कोण खातंय ते ओळखा

खोडावर दिसणारा प्रत्येक भुसा एकाच किड्याचा नसतो, आणि चुकीच्या किड्यावर औषध घालण्यात वर्षं जातात.

आंब्याचा खरा शत्रू म्हणजे खोडकिडा. कोकणात बागायतदार त्याला भिरूड म्हणतात. त्याचा भुसा भरड असतो, लाकडाच्या चोथ्यासारखा. ताजा असेल तर ओलसर आणि फिकट तांबूस, चिमटीत दाबला की गोळा होतो. जुना भुसा काळपट आणि कोरडा, फुंकरीने उडतो. म्हणून बुंध्याशी पडलेला भुसा आधी झाडून टाकायचा आणि दोन दिवसांनी परत जायचं. नवा पडला असेल तर किडा आत जिवंत आहे. रात्री सगळं निजानीज झाल्यावर खोडाला कान लावला तर कुरकुर ऐकू येते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता.

अळी पांढुरकी, माणसाच्या बोटाएवढी जाड, डोकं तपकिरी आणि जबडा असा की ओलं लाकूड कातरत जातो. पूर्ण वाढलेली अळी तळहातावर आडवी ठेवली तर दोन्ही कडांना टेकते. पावसाच्या तोंडावर तिचा भुंगेरा होऊन बाहेर पडतो. राखाडी-तपकिरी, दोन इंचांच्या आसपास, मिशा अंगाहून लांब, मानेवर मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन नारिंगी-पिवळे ठिपके. मादी सालीच्या भेगांत, जखमांच्या कडेला, बहुतेक खोडाच्या खालच्या भागात आणि जाड फांद्यांवर अंडी घालते. सर्वसाधारणपणे वर्षाला एक पिढी. दसऱ्याला भुसा का दिसतो त्याचं उत्तर यातच आहे: जून-जुलैत घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी तोवर सालीखालून खोडात शिरून मोठी झालेली असते.

सालीवरून जाळ्यासारखी, विष्ठा आणि सालीचा चुरा विणलेली फीत लोंबताना दिसली तर ती साल खाणारी अळी. ती दिवसा आखूड भोकात लपते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. फणस, जांभूळ, आंबा सगळ्यांवर असते. ती जाळी खरवडून काढायची आणि भोकात तार घालायची, एवढ्याने काम होतं.

मातीचे बोगदे चढलेले दिसले की लोक घाबरतात. जुन्या झाडावरची वाळवी बहुतेक वेळा मेलेली साल आणि वाळकं लाकूड खात असते. बोगदे काथ्याच्या ब्रशने झाडून टाका आणि खाली साल ओली, जिवंत आहे का बघा. असेल तर निश्चिंत राहा.

वाळक्या फांदीतून पिठासारखा बारीक भुसा गळत असेल तर त्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. मेलेल्या लाकडावर जगणारे कितीतरी भुंगेरे आहेत, ते जिवंत झाडाच्या वाटेला जात नाहीत, आणि सुतारपक्ष्यांचं पोट त्यांच्यावर चालतं. सागाची पानं ऑगस्टमध्ये चाळणी झाली की तसाच घाबरगुंडीचा प्रकार होतो. पानं खाणारी अळी असते, पण मोठा साग पुन्हा पालवतो, त्याला काही करावं लागत नाही. सागाच्या लागवडींसाठी केरळच्या वनसंशोधन संस्थेने त्या अळीला रोगी करणाऱ्या विषाणूवर काम केलं आहे. राईत त्याची गरज नाही.

किडा काढला तरी परत येतो, त्याची कारणं

धट्टंकट्टं झाड खोडकिड्याला सहज आत घेत नाही. कोवळी अळी सालीखाली शिरली की झाड चीक सोडतं, त्या चिकात ती गुदमरते. मुळं उपाशी असतील तर चीक कमी पडतो आणि अळी आत जाते. हे कळल्यावर आम्ही खोडाकडे बघणं सोडून जमिनीकडे बघायला लागलो.

आंब्याभोवती त्याच्या आठ वर्षं आधी नवा पार बांधला होता. जुना पार दगडमातीचा, सांधे मोकळे. नवा सिमेंटचा, थेट खोडाला भिडलेला, आणि आत दीड फूट भर टाकलेली. झाडाची खाणारी बारीक मुळं वरच्या हातभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून सिमेंट आणि भर आली की ती कुजायला लागतात, आणि भरीत गाडलेली बुंध्याची साल भिजून मऊ पडते. पार झाल्यावर दुसऱ्या वर्षी पहिला भुसा दिसला, हे आम्ही मागाहून वर्षं जुळवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. गावातल्या पाराला तो लागू करायला कोणी येणार नाही, ते आपलं आपल्यालाच करायचं आहे.

दुसरं कारण दिव्यांचं. जत्रेसाठी आंब्याच्या फांद्यांवर हॅलोजन लावले होते आणि ते मग वर्षभर तिथेच राहिले. खोडकिड्याचा भुंगेरा उजेडाकडे येतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर रात्री आम्ही त्या हॅलोजनखाली एका तासात सात भुंगेरे धरले. आपणच दिवा लावून त्याला झाडाचा पत्ता सांगत होतो.

तिसरं, खिळे, ड्रिलची भोकं, तारेचे वेढे. प्रत्येक जखम ही अंडी घालायची जागा असते.

चौथ्या कारणाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण ते चांगल्या हेतूने होतं. ढोली दिसली की ती सिमेंटने भरायची. पूर्वी शहाणी माणसंही हेच सांगत. अमेरिकेतले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडांची खोडं उभी-आडवी चिरून दाखवलं की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि त्या भिंतीबाहेर नवं लाकूड चढवतं. ढोली खरवडून "साफ" केली, पाणी जावं म्हणून खालून भोक पाडलं किंवा आत सिमेंट ओतलं, की ती भिंत फुटते आणि कूज चांगल्या लाकडात शिरते. सिमेंट वाऱ्याने झुलत नाही, झाड झुलतं. मध्ये फट पडते आणि तिथे पाणी साठतं. ढोली असलेलं झाड पोकळ नळीसारखं असतं, भिंत पुरेशी जाड असेल तर ते भक्कम उभं राहतं. लाकडी हातोड्याने खोडावर चहूबाजूंनी हलकं ठोकून पाहा, कुठे भद्द आवाज येतो आणि कुठे टणक, ते खडूने आखा.

शिवाय ढोली रिकामी नसते. आमच्या राईतल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, आणि नर महिनोन्‌महिने उंबर, वडाची फळं आणून तिला फटीतून भरवतो. या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. ती भरणं म्हणजे त्यांचं घर लिंपून टाकणं.

आम्ही काय केलं

आधी पार फोडला. जेसीबी आणायचा नाही यावर मी अडून बसलो, कारण त्याच्या एका दातात मनगटाएवढी मुळं तुटतात. पहार, कुदळ आणि घमेली घेऊन अकरा जणांनी चार रविवार काम केलं. खोडापासून सुरुवात करून भर उपसली. बुंधा जिथे रुंदावून मुळांत उतरतो ती जागा दिसेपर्यंत हाताने माती काढली. तिथली साल काळी, बुळबुळीत झाली होती आणि कुजक्या काकडीसारखा वास येत होता. ती तशीच उघडी सोडली, वाऱ्याने सुकू दिली. पार पुन्हा रचला तो कोरड्या दगडांचा, खोडापासून पाच फुटांवर. गुरवांनी कौल लावून परवानगी घेतली होती, त्यामुळे गावात कुरबूर झाली नाही. तुमच्याकडे राई देवाची असेल तर हे आधी करा. मानकऱ्यांना बाजूला ठेवून राईत काही टिकत नाही.

राईतला पाला झाडून जाळायची सवय लागली होती, ती बंद केली. पाला चार बोटं जाड पसरला, पण खोडाला चिकटू दिला नाही.

किडा काढायचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भोकाचं तोंड चाकूने थोडं मोकळं करायचं, स्पोकच्या टोकाला बारीक आकडा वळवायचा आणि हळूहळू फिरवत आत सरकवायचा. बोगदा बहुतेक वरच्या दिशेने वळतो. मऊ काही लागलं आणि आकड्यावर पांढरा चिकट द्रव आला की अळी सापडली. नाहीच सापडली तर कापसाचा लहानसा बोळा पेट्रोलमध्ये बुडवून भोकात सरकवायचा आणि तोंड चिखलाने बंद करायचं. देवळाजवळ असाल तर आधी समई, उदबत्ती विझलेली आहे याची खात्री करा. पूर्वी लोक डायक्लोरव्हॉसचा बोळा वापरत, त्यावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोडात घालायचा सल्लाही कोणी देईल. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो, त्या गोळ्यांना हातसुद्धा लावू नका. आणि राईत फवारणी नकोच. आमच्या सावरीवर दरवर्षी आग्या मोहोळं बसतात.

साल निघून उघड्या पडलेल्या जागी पावसाआधी बोर्डो पेस्ट लावली. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवायचे, मग एकत्र करायचे. लोखंडी चाकू क्षणभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. ही पेस्ट बुरशीसाठी आहे, ती किड्याला मारणार नाही, तेवढीच अपेक्षा ठेवा.

हॅलोजन उतरवले आणि जत्रेपुरते खांबांवर लावतो. मृगाच्या आधीपासून आषाढ संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा, तिन्हीसांजेनंतर, दोन पोरं टॉर्च घेऊन खोडाची खालची दोन पुरुष उंची तपासतात. भुंगेरा धरताना मागून, पाठीवर पकडायचा. चावतो. पोरांना हे काम फार आवडतं.

बांडगुळाचं काम उन्हाळ्यात. फुलटोच्या त्याची फळं खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो, तिथेच नवं बांडगूळ उगवतं. म्हणून फळं धरायच्या आत काढावं. बारीक फांदीवर असेल तर त्याच्या खाली वीतभर अंतरावरून फांदीच कापावी, कारण त्याची मुळी फांदीच्या आत पसरलेली असते. जाड फांदीवर असेल तर नुसतं छाटावं, परत फुटलं की परत छाटावं. सगळी बांडगुळं संपवायच्या मागे आम्ही लागत नाही. फुलटोच्यांसाठी चार राहू देतो.

पहिल्या वर्षी ताज्या भुशाची २३ भोकं मोजली होती. पार काढल्यावरच्या दसऱ्याला १४, पुढच्या वर्षी ६, गेल्या दसऱ्याला २. त्या दोन्हींतून ओशट, मधासारखा चीक ओघळून भोकाच्या तोंडाशी गोठला होता, आणि एकात तो बोटाने फोडला तर आत बारीकशी अळी मेलेली सापडली. झाडाने ती स्वतः मारली होती. तो डिंक मी काडेपेटीत घालून गुरवांना दाखवायला नेला.

वही आता त्यांच्याकडेच देव्हाऱ्याखाली असते. घेर दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी मोजतो, ऊन चढायच्या आत, नेहमी त्याच गेरूच्या रेघेवर. राईतल्या आणखी नऊ झाडांचे घेर त्यात आलेत: दोन बेहडे, एक सातवीण, तीन किंजळ, दोन ऐन आणि ओहोळापलीकडची बकुळ. बकुळीच्या बुंध्याशी टाकलेली चिऱ्यांची भर अजून काढायची आहे. ती पुढच्या उन्हाळ्यात.